नारायणगडच्या पोरांना वकील व्हायचं तर टप्पे कोणते?

बीड जिल्ह्यातलं नारायणगड 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखलं जातं. इथल्या मुला-मुलींना वकील व्हायचं असेल, तर सुरुवात सीईटीपासून. बारावीनंतर 5 वर्षांचा, पदवीनंतर 3 वर्षांचा अभ्यासक्रम.

पुढे सनद, म्हणजे बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. इथे नीट लक्ष द्या. 30 जुलै 2024 रोजी सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नोंदणीसाठी 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत; अनुसूचित जाती-जमातींसाठी 125. त्याआधी अनेक राज्यांत हजारो रुपये मोजावे लागत. त्यानंतर ऑल इंडिया बार परीक्षाही पास व्हावी लागते.

खरी कसोटी त्यापुढची. सिनियरच्या हाताखाली तारखा सांभाळायच्या, अर्ज लिहायचे आणि खोलीभाडं घरून मागवायचं. बार काउन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअरला ग्रामीण भागात महिना किमान 15,000 आणि शहरात 20,000 रुपये द्यावेत असं सुचवलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यात मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी 3 वर्षांची वकिली पुन्हा बंधनकारक झाली. ज्यांच्या घरी कोरडवाहू शेती, त्यांना ही तीन वर्षं जड जातात.

जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीला 7 वर्षांचा अनुभव लागतो. बीडची प्रकरणं हायकोर्टात गेली की औरंगाबाद खंडपीठासमोर येतात. तिथे उभं राहायला हीच सनद चालते. 'सिनियर अ‍ॅडव्होकेट' हा दर्जा मात्र हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट देतं. गंमत म्हणजे तो मिळाला की स्वतःचं वकीलपत्र दाखल करता येत नाही. सोबत दुसरा वकील लागतो.