मोन्रोव्हियातली रात्रीची गस्त

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात २००३ साली यादवी युद्ध थांबलं. बायकांवरचे अत्याचार मात्र चालूच राहिले. २००७ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या शंभरावर महिला तिथं गेल्या. जगातली अशी ही पहिलीच महिला तुकडी! राजधानी मोन्रोव्हियात त्या स्थानिक पोलिसांसोबत रात्रीची गस्त घालत. गुन्ह्यांचा तपास त्यांच्याकडे नव्हता. कौतुकाच्या भरात हे सांगायचं राहून जातं, म्हणून आम्ही मुद्दाम सांगतोय. वर्दीतली बाई दिसली की तक्रार करायला धीर येतो, पण पुढचा खटला तिथल्याच न्यायालयात चालायचा. बलात्काराच्या खटल्यांसाठी २००८ मध्ये तिथं वेगळं न्यायालय निघालं. या वर्षांत लायबेरियातल्या मुलीही पोलीसभरतीसाठी पुढे आल्या. आपली शेवटची तुकडी २०१६ मध्ये परतली.