बिटकॉइनचे आद्य उपासक

पैशाचा इतिहास हा वस्तुतः विश्वासाचा इतिहास होय, हें विधान अर्थशास्त्राच्या अभ्यासकांस नवें नाहीं. पेशवाईंत अंकुशी, चांदवडी अशीं निरनिराळ्या टांकसाळींचीं नाणीं बाजारांत एकाच वेळीं चालत असत. त्यांपैकीं कोणतें किती कसाचें हें सराफ ठरवी, आणि त्याबद्दल बट्टा कापून घेई. नाण्यावर छाप राजाचा असला तरी गिऱ्हाइकाचा भरंवसा सराफावर असे. हुंडीच्या व्यवहारांत तर नाणेंही प्रवास करीत नसे. कागदाचा एक तुकडा एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जाई आणि केवळ पेढीच्या पतीवर त्याचे रुपये होत. पुढें पेढीची जागा बँकेनें घेतली, नाण्याची जागा सरकारी नोटेनें घेतली. मध्यस्थ बदलत गेला, परंतु मध्यस्थ नाहींसा असा कधींच झाला नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस कांहीं संगणकवेत्त्यांनीं हा मध्यस्थच नको असा आग्रह धरिला, आणि त्या आग्रहांतून शेवटीं बिटकॉइन हें चलन जन्मास आलें. त्याचा आजचा भाव काय आणि उद्यांचा काय असेल, हा विषय वर्तमानपत्रांचा आहे. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें निराळें. हें चलन कवडीमोल असतांना ज्या मूठभर लोकांनीं तें हातीं धरिलें, त्यांस नेमकें काय हवें होतें, आणि जें हवें होतें तें त्यांस मिळालें काय?

या मंडळींची परंपरा बिटकॉइनहून जुनी आहे. डेव्हिड चॉम या अमेरिकन कूटशास्त्रज्ञानें १९८२ च्या सुमारास असें दाखवून दिलें कीं, खर्च करणाराचें नांव बँकेसही न कळतां संगणकावरून पैसे देतां येतील. त्यानें १९८९ सालीं डिजिकॅश नांवाची कंपनी स्थापन केली. परंतु व्यापाऱ्यांचा आणि गिऱ्हाइकांचा पुरेसा आश्रय न लाभल्यामुळें १९९८ सालीं तिचें दिवाळें निघालें. १९९२ सालीं कॅलिफोर्नियांत सायफरपंक या नांवानें एक मंडळी जमूं लागली. मनुष्याच्या खाजगी व्यवहारांचें रक्षण कायद्यावर सोडून न देतां तें गणितानें करावें, हा त्यांचा सिद्धांत. याच वर्तुळांतील ॲडम बॅक यानें १९९७ सालीं हॅशकॅश ही युक्ति काढली: निरर्थक पत्रांचा पाऊस पाडणाऱ्यांस आळा बसावा म्हणून प्रत्येक पत्रामागें संगणकास थोडे श्रम पडलेच पाहिजेत, अशी तिची योजना होती. वेई दाई व निक साबो यांनीं १९९८ च्या आसपास मध्यवर्ती बँकेवांचून चालणाऱ्या चलनाचे आराखडे मांडले. पण ते कागदावरच राहिले. उलट १९९६ सालीं निघालेलें ई-गोल्ड हें सोन्याच्या आधारावरचें चलन प्रत्यक्ष चाललें, परंतु त्यास चालक होते आणि चालकांस पत्ता होता. अमेरिकन सरकारनें २००७ सालीं त्यांच्यावर खटला भरला आणि पुढील वर्षीं त्यांनीं गुन्हा कबूल केला. या घटनेचा बोध स्पष्ट होता. ज्या चलनास एक धनी आहे, तें त्या धन्याबरोबर बुडतें.

अशा वेळीं, म्हणजे लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडून सहा आठवडे लोटले असतां, ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं सातोशी नाकामोतो या नांवानें एक नऊ पानांचा निबंध कूटशास्त्राच्या अभ्यासकांत प्रसृत झाला. हा गृहस्थ कोण, एक कीं अनेक, हें आजतागायत उघडकीस आलेलें नाहीं. त्यानें सोडविलेला प्रश्न वरकरणीं अगदीं साधा आहे. कागदी नोट एकास दिली म्हणजे ती आपल्या हातून जाते. संगणकावरील नोट म्हणजे नुसते अंक, आणि अंकांची नक्कल कोणासही करतां येते. तेव्हां एकच रुपया दोघांस दिला जाणार नाहीं, याची खात्री कोणी द्यावयाची? आजवर ही खात्री बँकेची कीर्द-खतावणी देत असे. नाकामोतोचें उत्तर असें कीं, ती वहीच सर्वांच्या घरीं असावी. प्रत्येक व्यवहार सर्वांस कळवावा. सुमारें दर दहा मिनिटांनीं नव्या व्यवहारांचें एक पान बांधावें. आणि प्रत्येक पानावर मागील पानाची गणिती खूण असावी, म्हणजे जुनें पान बदलावयाचें तर त्यापुढचीं सारींच बदलावीं लागतील. हें पान बांधण्याचा मान ज्याचा संगणक एक किचकट कोडें प्रथम सोडवील त्यास मिळावा, व बक्षीस म्हणून त्यास नवीं बिटकॉइन मिळावीं. आरंभीं हें बक्षीस ५० बिटकॉइनचें होतें. तें सुमारें दर चार वर्षांनीं निम्में होतें, आणि एकंदर संख्या दोन कोटी दहा लाखांपलीकडे कधींच जाऊं नये असा निर्बंध आहे. सोन्याच्या खाणींतून जसजसें अधिक खणावें तसतसें हातीं कमी लागतें, त्याचीच ही प्रतिकृति होय. म्हणूनच या उद्योगास ‘खाणकाम’ असें नांव पडलें.

३ जानेवारी २००९ रोजीं या वहीचें पहिलें पान बांधलें गेलें. त्यांत नाकामोतोनें त्या दिवशींच्या लंडन येथील टाइम्स पत्राचा मथळा गोंवून ठेविला. ब्रिटिश अर्थमंत्री बँकांस दुसऱ्यांदा सरकारी मदत देण्याच्या बेतांत आहेत, अशी ती बातमी होती. तारखेचा पुरावा म्हणून ती उपयोगीं पडलीच, पण तींतला टोमणाही कोणाच्या नजरेंतून सुटण्यासारखा नव्हता.

पहिल्या उपासकांचें चरित्र पाहावयाचें तर हॅल फिनी याचें पाहावें. हा कॅलिफोर्नियांतील कूटशास्त्रज्ञ. खाजगी पत्रव्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या पीजीपी या प्रणालीवर त्यानें वर्षानुवर्षें काम केलें होतें, आणि २००४ सालीं संगणकाच्या श्रमावर आधारलेल्या चलनाचा एक प्रयोगही करून पाहिला होता. नाकामोतोचा निबंध इतर जाणत्यांनीं संशयानें वाचला. फिनीनें तो उत्साहानें वाचला. १२ जानेवारी २००९ रोजीं नाकामोतोनें त्यास १० बिटकॉइन पाठविलीं, आणि एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे बिटकॉइन जाण्याची ती पहिली वेळ ठरली. कांहीं दिवस फिनीनें खाणकाम चालविलें व मग बंद केलें. कारण काय, तर संगणक फार तापे आणि त्याच्या पंख्याची घरघर त्रास देई! पुढें लाखों डॉलर किंमतीस चढणारें धन पंख्याच्या आवाजापायीं सोडून देणारा हा मनुष्य लोभी होता असें कोण म्हणेल? त्याच वर्षीं त्यास स्नायु निकामी करणाऱ्या असाध्य रोगानें गांठलें. २०१३ सालीं, सर्व शरीर लुळें पडलें असतां, केवळ डोळ्यांच्या हालचालीनें चालणाऱ्या यंत्राच्या साहाय्यानें त्यानें आपली आठवण लिहून काढली. त्याच्या औषधोपचारासाठीं कांहीं बिटकॉइन विकावीं लागलीं. त्या आठवणींत तक्रार मात्र नाहीं. २८ ऑगस्ट २०१४ रोजीं तो वारला.

आरंभीं या चलनास किंमतच नव्हती, हें आज खरें वाटत नाहीं. ऑक्टोबर २००९ मध्यें एका उत्साही गृहस्थानें खाणकामास लागणाऱ्या विजेच्या खर्चावरून पहिला भाव काढला, तो एका डॉलरास १३०९ बिटकॉइन असा. २०१० सालीं गॅव्हिन अँड्रेसन या प्रमुख कार्यकर्त्यानें तर येईल त्यास पांच बिटकॉइन फुकट वांटण्याची पाणपोई घातली. त्याच वर्षीं २२ मे रोजीं फ्लोरिडांतील लास्लो हॅन्येच यानें १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे मिळविले. त्या वेळीं त्या रकमेचे सुमारें ४१ डॉलर होत. डिसेंबर २०२४ मध्यें एका बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरांवर गेला, त्या हिशेबानें त्या दोन पिझ्झ्यांचे शंभर कोटी डॉलर झाले. लोक ही गोष्ट हंसण्यासाठीं सांगतात. आमच्या मतें तींत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. जें चलन कोणी खर्चीत नाहीं तें चलनच नव्हे. हॅन्येच यानें तें खर्चून दाखविलें नसतें, तर आज त्याचा भाव सांगावयास कोणी उरलें असतें कीं नाहीं, याची शंकाच आहे.

याच वर्षीं १५ ऑगस्टला या मंडळींच्या सिद्धांताची खरी कसोटी लागली. आज्ञावलींतील एका चुकीचा फायदा घेऊन कोणी तरी एकाच व्यवहारांत १८४ अब्जांहून अधिक बिटकॉइन निर्माण केलीं. मर्यादा दोन कोटींची आणि निर्मिति अब्जांची! कांहीं तासांतच दुरुस्त आज्ञावली तयार झाली, खाणकाम करणारांनीं ती स्वीकारली, आणि तें खोटें पान टाकून वही पुढें चालूं लागली. चलन वांचलें, परंतु कोणी वांचविलें? गणितानें नव्हे, तर एकमेकांवर विश्वास असलेल्या थोड्या माणसांनीं. मनुष्यावर विसंबण्याची गरज उरणार नाहीं असें ज्या चलनाविषयीं सांगितलें गेलें, तें दुसऱ्याच वर्षीं माणसांच्या सद्बुद्धीमुळें तगलें, ही गोष्ट इतिहासकारानें विसरतां कामा नये.

डिसेंबर २०१० मध्यें विकिलीक्स या संस्थेची देणग्यांची वाट मोठ्या आर्थिक कंपन्यांनीं बंद केली, तेव्हां बिटकॉइननें तिच्या साहाय्यास धांवावें असें अनेकांस वाटलें. नाकामोतोनें मात्र विरोध केला. रोपटें अजून कोंवळें आहे, इतका ताप त्यास सोसवणार नाहीं, असा त्याचा आशय होता. त्याच महिन्यांत त्यानें सार्वजनिक चर्चेंतून अंग काढून घेतलें, आणि २०११ च्या एप्रिलनंतर त्याचा सहकाऱ्यांशीं असलेला पत्रव्यवहारही थांबला. तेवढ्यांत नवे लोक येऊं लागले होते. फेब्रुवारी २०११ मध्यें निघालेल्या सिल्क रोड या गुप्त बाजारांत अमली पदार्थांची विक्री बिटकॉइनवर चाले. ऑक्टोबर २०१३ मध्यें अमेरिकन पोलिसांनीं तो बंद पाडला. या बाजाराच्या तपासावरील दोन सरकारी अंमलदारांनींच बिटकॉइन लांबविलीं, आणि ती चोरी उघडकीस आणण्यास त्याच सार्वजनिक वहीची मदत झाली. ज्यांनीं या चलनास अदृश्य समजून जवळ केलें, त्यांस इतकें कळलें नाहीं कीं, जी वही सर्वांच्या घरीं आहे ती पोलिसांच्याही घरीं आहे.

पण आद्य उपासकांच्या आशेस सर्वांत मोठा धक्का बसला तो माउंट गॉक्सचा. खेळाच्या पत्त्यांच्या देवघेवीसाठीं योजलेल्या नांवाखालीं २०१० च्या जुलैंत निघालेली ही बिटकॉइनची पेढी पुढें टोकियोंतून चालूं लागली, आणि थोड्याच अवधींत जगांतील बहुतेक उलाढाल तिच्यामार्फत होऊं लागली. फेब्रुवारी २०१४ मध्यें तिनें दिवाळें जाहीर केलें. सुमारें ८,५०,००० बिटकॉइन गहाळ झाल्याचें तिनें सांगितलें; त्यांपैकीं २,००,००० मागाहून सांपडलीं. धनकोंस परत मिळण्यास जुलै २०२४ मध्यें आरंभ झाला, म्हणजे दहा वर्षें जावीं लागलीं. बिटकॉइनची वही यांत एका अक्षरानेंही खोटी ठरली नाहीं. खोटी ठरली ती पेढी. आपली किल्ली आपल्यापाशीं ठेवण्यापेक्षां ती पेढीवाल्याच्या हवालीं करणें हजारों लोकांस सोपें वाटलें. मध्यस्थास हांकलून देण्यासाठीं जें चलन निघालें, त्याच्या दारांत पांच वर्षांच्या आंत नवा मध्यस्थ येऊन बसला, आणि त्यास सराफाइतकाही अनुभव नव्हता.

दुसऱ्या बाजूनें, ज्यांनीं किल्ली आपल्यापाशींच ठेविली ते सारे सुखी झाले असेंही नाहीं. वेल्समधील न्यूपोर्ट येथील एका गृहस्थाचें यंत्र, ज्यांत हजारों बिटकॉइनची किल्ली होती, २०१३ सालीं कचऱ्याबरोबर टाकलें गेलें, आणि त्यासाठीं तो पुढें कैक वर्षें नगरपालिकेशीं भांडत राहिला. बँकेचें पुस्तक हरवलें तर बँक दुसरें देते. येथें अर्ज कोणाकडे करावयाचा? मध्यस्थ नाहीं याचा अर्थ चूक पोटांत घालणाराही कोणी नाहीं.

आपल्याकडे या चलनाचें आगमन झालें तें बहुतांशीं त्याचा भाव चढल्यावर, आणि त्यामुळें त्यामागील विचार येण्यापूर्वीं लोभ आला. रिझर्व्ह बँकेनें डिसेंबर २०१३ मध्यें लोकांस सावध केलें. ६ एप्रिल २०१८ रोजीं तिनें बँकांस या व्यवहारांपासून दूर राहण्याची आज्ञा केली. सर्वोच्च न्यायालयानें ती ४ मार्च २०२० रोजीं रद्द ठरविली. आणि २०२२ पासून या व्यवहारांतील नफ्यावर शेंकडा ३० कर बसला. या काळांत गेनबिटकॉइन या योजनेनें दरमहा शेंकडा १० प्रमाणें अठरा महिने परतावा देण्याचें आमिष दाखविलें, आणि २०१८ सालीं पुणें पोलिसांनीं तींत अटक केली. दरमहा शेंकडा दहा! हे शब्द ऐकतांच जुन्या पिढींतील कोणताही कारकून सावध झाला असता. परंतु नव्या यंत्राचें नांव जोडलें कीं जुनी फसवणूकही नवी भासते. गुंतविणाऱ्यांत बिटकॉइन म्हणजे काय हें सांगूं शकणारे किती होते, याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होतें.

मग आद्य उपासकांचें जमाखर्च काय? कोणाही राजावांचून, बँकेवांचून चालणारी आणि कोणासही तपासतां येणारी वही त्यांनीं जगास दिली, ही जमेची बाजू खरी आहे. ती नाकारणें म्हणजे केवळ पूर्वग्रह होय. परंतु विश्वासाची गरजच उरणार नाहीं ही त्यांची आशा फळास आली नाहीं. विश्वास फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागीं गेला: आज्ञावली लिहिणाऱ्यांवर, पेढी चालविणाऱ्यांवर, आणि स्वतःच्या दक्षतेवर. यांतील शेवटची जागा सर्वांत अवघड, आणि फिनीसारख्यांनीं तीच पत्करली होती. तें चलन कसें चालतें हें त्यांस ठाऊक होतें, म्हणून त्यांस तें कवडीमोल असतांनाही बाळगतां आलें. आज तें बाळगूं इच्छिणाऱ्या आमच्या वाचकांस आम्ही इतकेंच सुचवूं कीं, त्यांनीं भावाचा तक्ता पाहण्यापूर्वीं ती नऊ पानें वाचावीं. तीं कळलीं नाहींत तर अशा व्यवहारांत पडण्याची घाई करूं नये; आणि कळलीं तर किल्ली कोणाच्या हातीं द्यावयाची, याचा विचार ते आपोआप करूं लागतील.