निवडीचा कस : मराठी नट आणि दिल्लीचे नाट्यविद्यालय

मराठी नटाच्या निवडीचा इतिहास पाहू गेल्यास निवड आणि शिक्षण या गोष्टी दीर्घकाळ एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या असे दिसते. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत आले ते गळ्याच्या बळावर. पुढील शिक्षणाचा व उपजीविकेचा भार मंडळीने उचलला. निवड चुकल्यास तोटा मंडळीचाच होई. अर्थात ही व्यवस्था निर्दोष नव्हती. त्या दारात स्त्रीची परीक्षाच होत नसे.

१९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने दिल्लीत राष्ट्रीय नाट्यविद्यालय स्थापिले आणि ते दार स्त्रियांनाही खुले झाले. सई परांजपे आणि रोहिणी हट्टंगडी तेथूनच शिकून बाहेर पडल्या. १९६२ ते १९७७ या काळात संचालक असलेले इब्राहिम अल्काझी जन्माने पुण्याचे, शिक्षणाने लंडनचे. गाण्यापेक्षा देह, वाणी आणि रंगावकाश यांच्या शिस्तीवर त्यांचा भर होता.

पुढे रूढ झालेल्या पद्धतीत उमेदवाराकडून पदवी, नाटकांतील कामाचा अनुभव व हिंदी-इंग्रजीचे व्यवहारापुरते ज्ञान अपेक्षिले जाते. निरनिराळ्या शहरांत प्राथमिक चाचणी होते आणि निवडक उमेदवारांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा घेतली जाते. एका पाठ केलेल्या भाषणावर निकाल न देता शिकण्याची तयारी जोखणारी ही रीत न्याय्य होय. परंतु जो नट मराठीतच विचार करतो, त्याचा भाषेतील संकोच हा अभिनयाचा संकोच समजला जाण्याचे भय येथे राहतेच. बीड जिल्ह्यातील खेड्यातून आलेले वामन केंद्रे या विद्यालयाचे स्नातक झाले आणि २०१३ ते २०१८ या काळात त्याचे संचालकही. हे उदाहरण आशादायक खरे. पण परत गेलेल्यांची बखर कोणी लिहीत नाही.

निवड झालेल्याचीही परीक्षा तीन वर्षांनी संपत नाही. १९६४ साली निघालेल्या विद्यालयाच्या रंगमंडळात मोजक्यांनाच जागा मिळते. इतरांना मुंबईत प्रत्येक भूमिकेसाठी नव्याने उमेदवार व्हावे लागते. मंडळी एकदा पारखी आणि मग पोशी. आज पारखणारे अनेक आहेत, पोसण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच उरलेली नाही. नटाला मिळालेल्या स्वातंत्र्याचे हे मोल आहे, आणि ते तो एकटाच चुकवीत आहे.