घाटात झिजते ते जाते कुठे?

बोरघाटाचा इतिहास आजवर चढणीचा इतिहास म्हणून सांगितला गेला. आम्ही आज उतरणीचा सांगणार आहोत.

चढणीची हकीकत आपणांस पाठ आहे. 1856 साली काम सुरू झाले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ठेका पुरा करविला. 1863 साली मार्ग खुला झाला. जवळजवळ 16 मैलांत 1,831 फूट चढ. सर्वांत अवघड जागी 37 फुटांस एक फूट. काम भरात असताना चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात राबत होते. बर्कले आणि ट्रेडवेल ही नावे आपण घेतो. त्या चाळीस हजारांपैकी एकाचे तरी घेतो काय?

चढणाऱ्या गाडीला आजही कर्जतला मागून जादा इंजिने लावतात. ती सर्वांना दिसतात. उतरणारी गाडी घाटात थांबवून तिचे ब्रेक तपासतात, तेव्हा प्रवासी चिक्कीचा पुडा सोडीत असतो! पण हिशेब करून पाहा. एवढ्या उंचीवरून एक टन वजन खाली आणताना जी उष्णता निघते, तिने सुमारे 18 लिटर पाण्याला आधण येईल. ही एका टनाची गोष्ट. गाडी शेकडो टनांची असते. आज त्यातला मोठा भाग विजेच्या इंजिनाच्या मोटारीच सोसतात, उरलेला चाकावर दाबल्या जाणाऱ्या ठोकळ्याला सोसावा लागतो. तो ठोकळा आधी लाकडाचा होता, मग बिडाचा झाला. बिडाची एक खोड अशी की वेग जास्त असतानाच त्याची पकड कमी पडते. म्हणून पुढे मिश्र पदार्थाचे ठोकळे आले.

या मिश्रणाचा जन्म बैलगाडीच्या जातीच्याच वाहनापासून झाला. इंग्लंडातील डर्बीशायरमध्ये गाडीवान उतारावर चाकाला जुन्या बुटाचे चामडे लावीत. ते पाहून हर्बर्ट फ्रूड याने 1897 च्या सुमारास ब्रेकचे अस्तर बनविण्यास सुरुवात केली, असे सांगतात. प्रारंभी कापूस आणि राळ, पुढे कापसाच्या जागी अॅस्बेस्टॉस. त्याच्या 'फेरोडो'चे नाव घेऊन मुंबईत घाटकोपरलाही कारखाना उभा राहिला. कृती आपल्या कुडाच्या भिंतीसारखी आहे. चिखलात भाताचा पेंढा कालवतात, त्याने भिंत तडकत नाही. येथे चिखलाच्या जागी राळ, पेंढ्याच्या जागी तंतू, आणि वर धातूचा कीस व ग्रॅफाइट.

मात्र हे मिश्रण उष्णता वाहून नेत नाही. ती चाकात साठते. फार तापले की राळ फुटते आणि पकड सुटते. खोपोलीच्या वर घाटात ट्रक उलटला की 'ब्रेक निकामी' असे छापून येते. अनेकदा मोडलेले काहीच नसते; लायनर तापलेला असतो. डिझेल वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी सोडलेली असते. ही बचत ड्रायव्हर स्वतःच्या खिशासाठी करीत नाही, हे आम्ही युनियनच्या कामात पुष्कळ पाहिले आहे.

झिजेचे शास्त्र फार जुने नाही. 1953 साली आर्चर्ड याने नियम मांडला: भार वाढेल व अंतर वाढेल तशी झीज वाढते, आणि पदार्थ कठीण असेल तशी ती घटते. झीज किती, हे या नियमाने कळते. गेलेला माल कोणत्या आकाराने गेला, हे कळत नाही. कारखानदारीने तर उरलेल्याचीच जाडी मोजली, कारण नवा लायनर कधी घ्यायचा एवढेच तिला हवे होते. आमचा प्रश्न गेलेल्याचा आहे.

गेले ते हवेत. काही कण मायक्रोनांत मोजावे असे; काही त्याहून कितीतरी बारीक, नॅनोमीटरचे. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक नॅनोमीटर. तापलेल्या राळेची वाफ गोठते, तिचे असेच कण होतात. धूळ तोलून मोजावी तर फसगत होते. दहा मायक्रोनांचा एक कण आणि शंभर नॅनोमीटरचे दहा लाख कण यांचे वजन सारखेच! काट्यावर एकच कण दिसतो, छातीत दहा लाख जातात. स्कॉटलंडच्या जॉन एटकन याने 1880 नंतरच्या दशकात यावर युक्ती काढली: कणांवर वाफ धरू द्यायची, थेंब फुगला की मोजायचा. आजची कण मोजणारी यंत्रे त्याच युक्तीची नातवंडे आहेत. तरी 2024 साली युरोपीय संघाने मोटारींच्या ब्रेकच्या धुळीवर प्रथमच मर्यादा घातली, ती वजनाचीच घातली.

अॅस्बेस्टॉसचा धडा याच जातीचा. 27 जानेवारी 1995 रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग ठरविला. त्याच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवावी, असे सांगितले, आणि हवेतील तंतू गाळणीवर धरून मोजण्याची पद्धत सक्तीची केली. आम्ही हा निकाल शब्दकोश घेऊन वाचला. त्या पद्धतीत पाच मायक्रोनांहून लांब तंतूच मोजतात, आणि साध्या भिंगाला 200 नॅनोमीटरहून बारीक तंतू दिसतच नाही. जे दिसत नाही ते मोजणीत नाही, आणि मोजणीत नाही त्याची भरपाई कोण देणार?

आता ठोकळे आणि लायनर बिनअॅस्बेस्टॉसचेही होतात, ही सुधारणा खरीच. पण धूळ ती धूळच. खालापूर तालुक्यातल्या एका गॅरेजात पोरे ड्रम उघडून हवेच्या पाइपाने फुंकत; तोंडावर रुमालही नसे. आम्ही मालकाला म्हटले, ओल्या फडक्याने पुसू द्या. तो म्हणाला, "किती उडते ते मोजून दाखवा." आमच्याजवळ यंत्र कुठले? एका पोराने पांढऱ्या धोतराचा तुकडा भिजवून पाइपासमोरच्या खिळ्याला सकाळी टांगला. संध्याकाळी मालकाने तो उतरविला, दोन्ही बाजू उलटून पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी बादली आणली.