जादा इंधनटाकी (जुन्या पिकअप वाहनांची)

कारखान्यातून आलेल्या टाकीखेरीज वाहनाला मागाहून जोडलेली दुसरी टाकी. अमेरिकेत मात्र फोर्डच्या एफ मालिकेतील जुन्या पिकअपना कंपनीच दोन टाक्या देत असे. चालक बसल्या जागी बटण दाबून एकीवरून दुसरीवर जाई. विरळ वस्तीच्या मुलखात ट्रेलर ओढत शेकडो मैल जाणाऱ्यांची ती खरी गरज होती. उलट बुलढाणा जिल्ह्यात ओढण्याचे बहुतेक काम ट्रॅक्टर करतो. पिकअपच्या मागे लागला तर जनरेटर, कॉम्प्रेसर किंवा टोचन करून न्यायची बंद गाडी लागते. सोयाबीन, मका, भाजीपाला हौद्यातूनच जातो. म्हणून ‘ओढायचे आहे, तर टाकी वाढवा’ हा सल्ला इथल्या जुन्या पिकअपच्या कामाचा नाही.

आधी अंतर पाहावे. जुन्या बोलेरो पिकअपसारख्या गाडीची टाकी साधारण ५५ ते ६० लिटरची असते. ओझे ओढताना लिटरला ८ किलोमीटर एवढाच ॲव्हरेज धरला, तरी ५५ लिटरांत ४४० किलोमीटर होतात. सिंदखेडराजाहून पुणे किंवा नागपूर याच्या आतच येते. मलकापूर, नांदुरा, खामगाव या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या गावांत पंपांची वाण नाही. समृद्धी महामार्गाची गोष्ट थोडी वेगळी: तिथे इंटरचेंजखेरीज बाहेर पडता येत नाही आणि पंप ठरावीक जागीच आहेत. पण त्यावर उपाय मेहकरला किंवा सिंदखेडराजाला टाकी भरून वर चढण्याचा आहे. जुन्या गाडीचे डिझेल खरे जाते ते राजूर घाटासारख्या चढावर आणि तेही चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे, झिजलेल्या इंजेक्टरमुळे, धरून राहणाऱ्या ब्रेकमुळे, कमी हवेच्या टायरमुळे. दुसऱ्या टाकीचा खर्च आधी या दुरुस्तीत घातला, तर आहे त्याच टाकीत गाडी जास्त पळते.

टाकी जोडणे हे केवळ पत्र्याचे काम नाही. डिझेल इंजिन पंपाने ओढलेले सगळे इंधन जाळत नाही; उरलेले रिटर्न पाइपने टाकीत परत येते. दुसऱ्या टाकीतून इंधन घेतले आणि रिटर्न मात्र पहिलीतच सोडला, तर भरलेली पहिली टाकी झाकणाजवळून ओसंडू लागते आणि डिझेल गरम सायलेन्सरच्या आसपास ठिबकते. त्यासाठी दोन्ही पाइप एकाच वेळी बदलणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि गल्लीतल्या जोडणीत नेमका तोच वगळला जातो. आतून जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तर वापरूच नये. डिझेलमध्ये जस्त विरघळते आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचते. आत आडव्या पट्ट्या नसल्या, तर घाटाच्या वळणावर अर्धी टाकी हेलकावे खाते. वजनही आहे: ६० लिटर डिझेल म्हणजे सुमारे ५० किलो, शिवाय टाकी. ती मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगली आणि त्यात हूकवर ओझे आले, की पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सुटते.

मोठ्या ट्रकना दोन टाक्या चालतात, मग पिकअपला का नाही, असे विचारले जाते. ट्रकची चासी, पाइप आणि टाक्यांच्या जागा कंपनीने एकत्र आखून चाचणीला दिलेल्या असतात. तसे प्रमाणपत्र वेल्डिंगच्या दुकानातल्या टाकीला नसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात मनाजोगा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. कलम १८२अ नुसार मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातानंतर विमा कंपनीलाही हरकत घ्यायला जागा मिळते. दुसरा आक्षेप दराचा: शेजारच्या राज्यात डिझेल स्वस्त असेल तेव्हा भरून घ्यावे. लिटरमागे दोन रुपये वाचले असे मानले, तरी ६० लिटरमागे १२० रुपयेच होतात. टाकी, व्हॉल्व्ह आणि मजुरी भरून निघायला किती फेऱ्या लागतील, हे मालकाने स्वतः मांडून पाहावे.

आगीचा धोका या जिल्ह्याला सांगावा लागू नये. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी गेले. ती बस होती आणि तिथे जादा टाकीचा प्रश्न नव्हता. पण उलटलेल्या वाहनात डिझेल पेटले, की माणसांना बाहेर पडायला किती थोडा वेळ मिळतो, ते तिथे दिसले. एमएच २८ पासिंगच्या जुन्या पिकअपची टाकी गंजली असेल, तर त्याच मापाची, त्याच जागी बसणारी कंपनीची टाकी घ्यावी. दुसरी जोडू नये.