अनामत पाण्याची

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात महापालिकेच्या निविदा सूचना छापलेल्या असतात. रस्ता, पूल, शाळेची इमारत, पाण्याची टाकी. आधी कामाचे नाव, मग अंदाजे खर्च, अनामत रक्कम आणि शेवटी 'अटी व शर्ती लागू'. या अटींमध्ये सुरक्षिततेचीही एक अट असते. ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणेच कंत्राटदाराने काम केले पाहिजे, अशी. आपण ती ओलांडून पुढे जातो. पण ही साधी वाटणारी अट जगात सहजासहजी आलेली नाही. शहराला सेवा विकणाऱ्याने शहराच्या जिवाची काळजी घेतली पाहिजे, एवढे कायद्यात यायला हजारो माणसे मरावी लागली. आणि कायद्यात आल्यावर तो खरोखर पाळला जावा म्हणून आणखी हजारो मरावी लागली. लंडन शहराच्या पाण्याची कहाणी ही अशीच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडन हे जगातले सर्वांत मोठे शहर होते. पण त्या शहराला पाणी देणारी महापालिका नव्हती. आठ-नऊ खाजगी कंपन्या नळ टाकून पाणी विकत. प्रत्येकीचा भाग ठरलेला, प्रत्येकीला पार्लमेंटची परवानगी. पाणी दिवसातून थोडा वेळ येई आणि लोक ते टाक्यांत भरून ठेवत. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको!

यातल्या अनेक कंपन्या पाणी घेत ते थेम्स नदीतून, आणि तेही भर शहरातून. त्याच थेम्समध्ये शहराची गटारे सोडलेली होती. समुद्राच्या भरतीबरोबर घाण वर येई, ओहोटीबरोबर खाली जाई, आणि मधल्या मध्ये कंपनीचे पंप पाणी उपसत. १८५० मध्ये आर्थर हॅसल नावाच्या डॉक्टरांनी लंडनचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्यात वळवळणाऱ्या जिवांची चित्रे छापली. लोकांना ओकारी आली, 'पंच' साप्ताहिकाने व्यंगचित्र काढले, पण नळ तेच राहिले.

याच काळात पटकी, म्हणजे कॉलरा, पुन्हा पुन्हा लंडनवर येत होता. १८१७ मध्ये बंगालमधून निघालेली ही साथ लाटांमागून लाटा करत युरोपात पोहोचली होती. आपल्याकडे लोक मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडत. लंडनचे विद्वान दुर्गंधीयुक्त हवेला दोष देत. १८४८-४९ च्या साथीत तिथे सुमारे चौदा हजार माणसे मेली.

अखेर १८५२ मध्ये पार्लमेंटने लंडनच्या पाण्यासाठी कायदा केला. त्यातल्या तीन अटी महत्त्वाच्या होत्या. पहिली, ऑगस्ट १८५५ नंतर थेम्सचे पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्याच्या वरूनच घ्यायचे, म्हणजे जिथे भरतीचे पाणी पोहोचत नाही तिथून. दुसरी, घरगुती वापराचे पाणी गाळूनच द्यायचे. तिसरी, सेंट पॉल चर्चपासून पाच मैलांच्या आत गाळलेल्या पाण्याचे तलाव झाकलेले असायला हवेत. पाणी विकायचे असेल तर ते कसे असावे, हे विकणारा नव्हे, समाज ठरवील, असे हा कायदा सांगत होता.

लॅम्बेथ कंपनीने मुदतीची वाट न पाहता १८५२ मध्येच आपले पंप नदीच्या वरच्या बाजूला हलवले. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शेवटच्या वर्षापर्यंत शहरातलेच पाणी देत राहिली. दक्षिण लंडनच्या कित्येक गल्ल्यांत दोन्ही कंपन्यांचे नळ शेजारी शेजारी होते. एका घराला एकीचे पाणी, शेजारच्या घराला दुसरीचे. हवा एक, गल्ली एक, गरिबीही एकच. फरक फक्त पाण्याचा.

१८५४ मध्ये पुन्हा पटकी आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो या गल्ल्यांतून घरोघर फिरले. आपल्या घरात कोणत्या कंपनीचे पाणी येते, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हते. स्नो यांनी युक्ती शोधली. पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकले की त्यातल्या मिठाचा पांढरा साका दिसतो. भरतीच्या जागचे पाणी खारे, त्याचा साका दाट. त्यावरून कंपनी कळे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा त्यांचा हिशेब असा : साउथवार्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू. लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. एक अट आधी पाळणे आणि शेवटच्या तारखेपर्यंत टाळणे, यांतला फरक इतका होता.

आपण म्हणाल, मग कायदा आला, मुदत संपली, प्रश्न मिटला. तसे झाले नाही.

१८६६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, गोदी कामगारांच्या आणि मजुरांच्या वस्तीत, पटकी उसळली. शहरात साडेपाच हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांतली बहुतेक याच भागातली. मृत्यूंची सरकारी आकडेवारी ठेवणारे विल्यम फार यांच्या लक्षात आले, की मृत्यू एकाच कंपनीच्या एकाच जलाशयाभोवती गोळा झाले आहेत. ईस्ट लंडन वॉटर कंपनीचा ओल्ड फोर्ड इथला जलाशय तो. कंपनीच्या अभियंत्याने 'टाइम्स'ला पत्र लिहून ठणकावले, की गाळल्याशिवाय एक थेंबही आम्ही दिलेला नाही. त्यानंतर रहिवासी पुढे आले. त्यांच्या नळांतून वाम मासे निघाले होते! वाळूच्या गाळणीतून वाम येत नाही. पुढे चौकशी झाली आणि कंपनीच्याच कामगाराने सांगितले, की उघड्या तळ्याचे पाणी झाकलेल्या टाकीत सोडले गेले होते. कायद्याने बंदी घालून चौदा वर्षे झाली होती.

१८५२ पूर्वी कंपन्यांना अज्ञानाची सबब तरी होती. १८६६ मध्ये ती उरली नव्हती. अट कागदावर होती, गाळणी उभी होती, जलाशय झाकलेला होता. नव्हता तो फक्त तपासायला येणारा माणूस. तक्रार आली तरच सरकार चौकशी करणार, आणि तक्रार करायला आधी कोणीतरी मरायला हवे. म्हणून १८७१ च्या कायद्याने पाणी-परीक्षक नेमला. तो कंपन्यांच्या गाळण्या पाहू लागला आणि त्याचे अहवाल प्रसिद्ध होऊ लागले. १९०४ मध्ये तर कंपन्याच जाऊन सार्वजनिक जलमंडळ आले.

म्हणून खाजगी तेवढे वाईट आणि सरकारी तेवढे चांगले, असेही नाही. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचा पाणीपुरवठा शहराच्याच ताब्यात होता, पण गाळणीच्या खर्चावरून चालढकल चालली होती. १८९२ मध्ये तिथे सुमारे ८,६०० माणसे पटकीने मेली. हद्दीला हद्द लागून असलेले आल्टोना शहर त्याच एल्ब नदीचे पाणी गाळून पीत होते. ते बरेचसे वाचले.

निविदेतला तो 'अनामत' शब्द मला या सगळ्या इतिहासापेक्षा जास्त सांगतो. तो मूळचा अरबी, 'अमानत'. उर्दूत आजही तसाच आहे. मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि अर्थ पैशापुरता उरला. मूळ अर्थ आहे, विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. कंत्राटदार शहराकडे काही रक्कम ठेवतो, ती अनामत. पण शहर त्याच्याकडे काय ठेवते? पूल ओलांडणारी माणसे, शाळेच्या छताखाली बसलेली मुले, नळाखाली धरलेला पेला. ही त्याहून मोठी अनामत. आणि अमानत सोपवणाऱ्याने हिशेब विचारायचाच असतो. विचारला नाही, तर पेल्यात काय आले हे ओल्ड फोर्डच्या लोकांसारखे आपल्यालाही उशिराच कळेल.