बहिणीची सही: हक्कसोडपत्र म्हणजे काय आणि सही करण्याआधी काय पाहायचं?

वडिलांचं वर्षश्राद्ध असतं. जेवणं उरकली की भाऊ म्हणतो, "ताई, उद्या जरा तालुक्याला येऊन जा, एक सही लागतेय." कशाची सही, हे ताई विचारत नाही. दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात कागद तयार असतात, साक्षीदार हजर असतात, फोटो निघतो, अंगठा उमटतो. संध्याकाळी नवी साडी घेऊन ताई सासरी परतते. त्या कागदाचं नाव हक्कसोडपत्र.

महाराष्ट्रात हे इतकं नेहमीचं आहे की त्यात काही वावगं आहे असं घरात कुणालाच वाटत नाही. "स्त्री-पुरुष समानता आता आलीच आहे, अजून काय हवं?" असं कमेंटमध्ये लिहिण्याआधी आपल्या घरचा सातबारा उघडून त्यावर आत्याचं नाव आहे का, एवढं पाहावं.

कायदा नेमका काय सांगतो?

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. तो हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू होतो. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि मृत्युपत्र केलेलं नसेल, तर मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई हयात असेल तर आई, या सगळ्यांना सारखा वाटा मिळतो. हे तेव्हापासूनच आहे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल तर प्रत्येकाचा चौथा हिस्सा.

खरा प्रश्न होता वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेचा. तिथे मुलगा जन्मापासून सहहिस्सेदार, मुलगी मात्र नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हा फरक काढला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि मुलगी मुलाइतकीच सहहिस्सेदार झाली. तिचं लग्न कधी झालं, याचा आता संबंध उरला नाही.

तरी एक वाद राहिला. त्या तारखेला वडील हयात असायला हवेत का? ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तशी अट नाही, कारण हा हक्क जन्माने मिळतो. त्यामुळे "२००५ नंतर जन्मलेल्या मुलींनाच वाटा" हा व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर साफ चुकीचा आहे.

उलट्या बाजूचा मजकूरही तितकाच चुकीचा आहे. "मुलगी कधीही येऊन सगळं उलटवू शकते" असं नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटणी या दुरुस्तीने मोडत नाही. मात्र "आमची वाटणी तोंडी झाली होती" एवढ्यावर न्यायालय सहसा विश्वास ठेवत नाही. आणि वडील हयात असताना त्यांनी स्वतः कमावलेल्या मालमत्तेत मुलीलाही हक्क सांगता येत नाही, मुलालाही नाही. ती मृत्युपत्राने कुणालाही द्यायला ते मोकळे असतात.

इतर धर्मीयांचे नियम वेगळे आहेत. मुस्लिम वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, ख्रिश्चनांमध्ये सारखा. गोव्यात सगळ्यांना एकच नागरी कायदा आहे. तिथे मुलगे-मुली समान वारस आहेत आणि मुलं असतील तर आईवडिलांना आपल्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. मुलीला पूर्णपणे डावलणं तिथे कागदावर तरी अवघड आहे.

"लग्नात दिलं की तिला"

हा युक्तिवाद प्रत्येक घरात असतो. कायद्यात त्याला आधार नाही, लग्नाचा खर्च वाट्यातून वजा होत नाही. हुंडा द्यायला आणि घ्यायला तर १९६१ पासून बंदी आहे. आणि हिशोबच करायचा तर पुरता करावा. दादाच्या इंजिनिअरिंगची फी, दुकानाला दिलेलं भांडवल, त्याच्या लग्नात उठलेला मांडव, हे कुठल्या वहीत मांडलेलं असतं?

मग बाई सही का करते? अज्ञानामुळे, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. बहुतेक वेळा तिला सगळं ठाऊक असतं. तिला माहेर टिकवायचं असतं. दिवाळीला, बाळंतपणाला आणि सासरी काही बिनसलं तर जायला तेवढं एकच दार असतं, आणि ते भावाचं असतं. गंमत अशी, की स्वतःचा वाटा असेल तर हेच दार तिचं स्वतःचं होऊ शकतं. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी पाहणी केली होती. नावावर घर किंवा जमीन काहीच नसलेल्या विवाहितांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं सांगितलं. दोन्ही असलेल्यांमध्ये हे प्रमाण ७ टक्के होतं.

शेतीत नावाला आणखी वजन आहे. पीक कर्ज, पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, नुकसानभरपाई, सगळं सातबाऱ्यावरच्या नावाने येतं. खुरपणी, लावणी, कापूस वेचणी बायकाच करतात. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीदारांमध्ये स्त्रिया १४ टक्क्यांच्या आसपासच होत्या.

सही करण्याआधी

हक्कसोडपत्र बेकायदा नाही. कुणाला मनापासून वाटा सोडायचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण नोंदणी झाली की ते आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव झाला असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. म्हणून कागद आधी घरी मागा आणि वाचून घ्या. कोणते गट नंबर लिहिलेत, घरजागा धरली आहे का, "विनामोबदला" लिहून प्रत्यक्षात पैसे कबूल केलेत का, हे पाहा. एखादाच गट सोडता येतो. वाटा नावावर ठेवून जमीन भावाला कसू देता येते. हा मार्ग फार कमी घरांत बोलला जातो, पण भांडण न होण्याची शक्यता त्यात बरीच असते.

आणि सही केलीच नाही तर? काही बिघडत नाही. वारस म्हणून नाव लागायला हक्कसोडपत्र लागत नाही.

कधी कधी सहीचीही तसदी घेतली जात नाही. वारसनोंदीच्या अर्जात मुलींची नावंच लिहिली जात नाहीत, किंवा ती "इतर हक्क" या रकान्यात टाकून भोगवटादार म्हणून फक्त भाऊ दाखवले जातात. सातबारा महाभूलेखच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. फेरफार मंजूर होण्याआधी नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. ते निघून गेले तरी अपील करता येतं. शिवाय सातबारा ही महसुली नोंद आहे, नाव नाही म्हणून मालकी हक्क संपत नाही.

भावांनी काय करायचं, हे एका ओळीचं काम आहे: वारसांच्या अर्जात आईचं आणि बहिणींची नावं, त्यांनी मागण्याची वाट न पाहता लिहायची. पुरुषांनी स्वतःहून हे केल्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून दिला होता.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तालुका न्यायालयातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. जाताना सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल आणि वडिलांचा मृत्यू दाखला सोबत ठेवावा.